येऊदेमामा आणि मंडळीची गाडी

बस पुढे नेणाऱ्याला ड्रायव्हर म्हणतात. त्याला गणवेश असतो, बिल्ला असतो, वर थोडा रुबाबही असतो. पण तीच बस संध्याकाळी डेपोत परतली की तिला धुण्याच्या जागेवर उलटी घ्यावी लागते, आणि तेव्हा मागे कुणीतरी उभं असावं लागतं. त्या माणसाच्या कामाला धड नावसुद्धा नाही. कागदोपत्री तो मदतनीस. आता मदतनीस काय, कुणालाही म्हणता येतं.

मामांनी उभं आयुष्य हेच काम केलं. दोन बसच्या मधल्या चिंचोळ्या जागेत तिसरी बस बसवायची, तीही कुठे ओरखडा उमटू न देता. ड्रायव्हरच्या बाजूला, जरा मागे उभे राहून ते हात हलवायचे आणि एका सुरात म्हणत राहायचे, "येऊ दे... येऊ दे... येऊ दे." बसच्या अंगावर तळहाताच्या दोन थापा म्हणजे ये. एकच, जोरात, म्हणजे थांब, आणि तिच्याबरोबर तोंडाने "बास." मामांचं "बास" ऐकून पुढे सरकलेली बस डेपोत कुणी पाहिली नव्हती.

त्यांचे नियम दोनच होते. पहिला ड्रायव्हरसाठी. मी आरशात दिसलो पाहिजे, आणि दिसलो नाही तर गाडी आहे तिथे थांबली पाहिजे, मग मी तोंडाने काहीही ओरडत असो. दुसरा स्वतःसाठी. गाडी आणि भिंत यांच्या मध्ये कधी उभं राहायचं नाही. जो राहील तो मूर्ख, मग त्याचे केस कितीही पिकलेले असोत. नवा आलेला कुणी तसा उभा दिसला तर मामा एरवीची सगळी माया बाजूला ठेवून त्याला बखोटीला धरून ओढत.

हाच माणूस रविवारी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर, दाराला लागून बसायचा. त्याच्या तोंडची सवय तिथेही सुटली नव्हती. एखादी कॉलेजातली पोरगी पहिल्यांदा बायबलमधला शास्त्रपाठ वाचायला उभी राहायची, दोन ओळींनंतर तिचा आवाज घशातच अडकायचा, लोक आपापल्या बुटांकडे बघायला लागायचे, आणि मागून हळूच यायचं, "येऊ दे." मधल्या बाकांवरचे शपथेवर सांगतील की आम्हाला काही ऐकू आलं नाही. पण जिला ऐकू जायला हवं तिला ते बरोबर जायचं. नव्या पाळकसाहेबांचा पहिला उपदेश असाच पार पडला होता. पानं उलटसुलट झाली, कान लाल झाले, आणि साहेब आता प्रार्थना करून खाली बसणार असं वाटत असताना शेवटच्या बाकावरून तो आवाज आला. साहेबांनी पानं मिटली आणि मनातलं बोलले. ते अजून सांगतात की त्यांना पाळक दोघांनी केलं, आधी चर्चच्या मंडळीने आणि मग त्या बाकाने.

नाव पडायला एवढं पुरे होतं. लहानथोर सगळे त्यांना येऊदेमामा म्हणायला लागले. घरी मामी डोक्याला हात लावायच्या. नळाला पाणी बारीक आलं तरी हा माणूस नळाला येऊ दे म्हणतो, असं त्या सांगायच्या, आणि ते खोटं नव्हतं.

पण मामा उगाच कुणालाही हरभऱ्याच्या झाडावर चढवत नसत, हे लोक विसरायचे. एका सुताराला गायकवृंदात जायची फार हौस होती. आवाज दणदणीत, सूर मात्र घरी विसरून आलेला. सगळे त्याला तोंडावर वा वा म्हणायचे आणि पाठ वळली की हसायचे. मामांनी त्याला बाहेर नेलं आणि स्पष्ट सांगितलं की गाणं बास, तुझा आवाज दाराशी पाहिजे. तेव्हापासून तो सुतार दारात उभा राहून येणाऱ्याला हाक मारून आत घेतो. नवीन आलेला बुजरा माणूस त्याच्या त्या हाकेनेच निम्मा घरचा होतो. सुतार दोन आठवडे मामांशी बोलला नव्हता, पण नंतर मामींच्या स्वयंपाकघराचं मोडकं दार त्याने स्वतःहून येऊन बसवून दिलं.

हे सगळं सर्वात जवळून बघितलं ते सूनबाईने. ती या घरात आली तेव्हा सासऱ्यांना मामा म्हणायचं की बाबा, असा प्रश्न होता, पण अख्खी मंडळीच मामा म्हणत असल्याने तो आपोआप मिटला. माहेरी तिच्या काकांची बेकरी होती आणि पाव पोचवायचा छोटा टेम्पो ती चालवायची. गाडी पुढे नेण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. उलटी घ्यायची म्हटलं की मात्र तिचे हातपाय गळायचे. एकदा मागे घेताना काकांनी भर रस्त्यात चारचौघांत असं काही सुनावलं होतं की तेव्हापासून ती गावाला वळसा घालून यायची पण रिव्हर्स टाकायची नाही. पुढे लग्न झालं, टेम्पो सुटला, तिला हायसं वाटलं. नवऱ्याला तर गाडीत बसलं की मळमळायचं, त्यामुळे त्या घरात गाडीचा विषयच नव्हता.

तो विषय आला मंडळीच्या गाडीमुळे. मंडळीची एक जुनी पांढरी व्हॅन होती. ती रविवारी सकाळी म्हाताऱ्या माणसांना घरोघरी जाऊन घ्यायची आणि चर्चला आणायची. काठी टेकणारे, चाकाच्या खुर्चीतले, डोळ्यांनी अधू झालेले, असे सगळे त्या गाडीने यायचे आणि पहिल्या दोन बाकांवर बसायचे. गाडी चालवणाऱ्या आजोबांचीच नजर एक दिवस इतकी कमी झाली की त्यांना चालवण्याऐवजी मागच्या सीटवर बसावं लागलं. आता चालवणार कोण? मामांना मागचं सगळं यायचं, पण स्टिअरिंग त्यांनी जन्मात धरलं नव्हतं. त्यांनी घरी येऊन सूनबाईसमोर किल्ली ठेवली.

सूनबाई म्हणाली की पुढे वाटेल तितकी नेईन, पण चर्चच्या अंगणात घेणार नाही. कारण ते अंगण म्हणजे एक अरुंद बोळच. फाटकातून गाडी उलटीच आत घ्यायची आणि थेट घंटेच्या दगडी खांबापर्यंत आणायची, कारण चाकाची खुर्ची उतरवायचा उतार तिथेच होता. दोन हात अलीकडे थांबली तर दार उतारासमोर येत नाही, दोन हात पलीकडे गेली तर खांब. मामांनी तिचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्यांनी डेपोतून दोन रिकामी पिंपं आणली, मोकळ्या मैदानात मांडली आणि तिला रोज संध्याकाळी तिथे नेलं. पिंपं किती वेळा आडवी झाली याचा हिशोब मामांनी ठेवला नाही आणि तिलाही ठेवू दिला नाही. ते नुसतं "छान" कधी म्हणत नसत. ते म्हणायचे, "आज आरसा सोडला नाहीस," किंवा "वळवायच्या आधी श्वास घेतलास, ते बरं केलंस." काकांनी जे एका वाक्यात मोडून ठेवलं होतं, ते मामा असं तुकड्या तुकड्याने जोडत होते.

मग तो रविवार आला आणि ती गाडी उलटी घेऊन खांबापाशी बरोबर थांबली. पुढचाही पार पडला, त्याच्या पुढचाही. गाडीतल्या म्हाताऱ्यांना तर सूनबाईचं इतकं कौतुक की विचारू नका. त्यात पुढारी होती मोठी आजी. बोळक्या तोंडाची, टणक आवाजाची, मंडळीच्या सेक्रेटरींची सख्खी आई. सेक्रेटरींना सगळे नियमकाका म्हणायचे, कारण त्यांना कुठेही नियम दिसायचा, आणि जिथे दिसत नसे तिथे ते नवा करायचे. आईवर मात्र त्यांचा एकही नियम चालत नसे.

सूनबाई गाडी मागे घेताना ओठ घट्ट मिटते, तिच्या मानेवर घाम येतो, हे मोठ्या आजीने मागून पाहिलं होतं. पोरीला धीर द्यायला पाहिजे, असं तिने गाडीत सगळ्यांना बजावलं. आणि धीर कसा द्यायचा हे तर त्या मंडळीत सगळ्यांना पाठच होतं.

त्या सकाळी गाडी फाटकातून आत शिरली, आणि मागून मामांच्या आवाजाबरोबर आतून सगळ्या म्हाताऱ्यांनी एकच गजर सुरू केला, "येऊ दे, येऊ दे." आजी सीटच्या पाठीवर दोन दोन थापा मारायला लागली. बाकीच्यांनीही मारल्या. सूनबाईला हसू आलं, मग भरून आलं. आपल्यासाठी एवढे जीव एका सुरात बोलताहेत, असं तिच्या आयुष्यात आधी कधी झालं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं म्हणून तिने आरशावरची नजर काढली, अगदी क्षणभर. मामांनी "बास" म्हटलं, जोरात थाप मारली, दुसऱ्यांदा ओरडले. आतल्या कल्लोळात ते कुणाला ऐकू जाणार? आत तर सगळं "येऊ दे"च चाललं होतं.

गाडी खांबावर आदळली आणि वरची घंटा आपोआप वाजली. आत बसलेल्या लोकांना वाटलं उपासना सुरू झाली, ते शिस्तीत उभे राहिले. मागचा दिवा फुटला, खांबाचा एक दगड निखळला, मोठ्या आजीचं कपाळ समोरच्या सीटवर आपटून टेंगूळ आलं. याहून जास्त काही झालं नाही. सूनबाई खाली उतरली. धावत आलेल्या नियमकाकांनी आईच्या कपाळाकडे पाहिलं, मग सूनबाईकडे पाहिलं, आणि जे बोलायचं नव्हतं ते भर अंगणात बोलून गेले. शब्द वेगळे होते, पण काकांच्या बेकरीसमोरचा तो दिवस जसाच्या तसा परत आला. तिने घरी येऊन किल्ली खिळ्याला टांगली आणि सांगून टाकलं की आता नाही.

त्यानंतरचे रविवार वाईट गेले. पहिले दोन बाक रिकामे. पाळकसाहेब त्या रिकाम्या बाकांकडे बघून बोलायचे आणि मध्येच नजर वळवायचे. त्याहून वाईट म्हणजे मामा गप्प झाले. एक मुलगा गाताना कडवं विसरला, सगळ्यांनी नकळत कान मागे लावले, मागून काहीच आलं नाही. सूनबाईला आधी वाटलं होतं की मामा तिला समजावतील, असू दे म्हणतील, होतं असं म्हणतील. ते तसलं काहीच म्हणाले नाहीत. तिला राग आला. सगळ्या दुनियेला येऊ दे म्हणणाऱ्या माणसाकडे घरच्या माणसासाठी एक शब्द नसावा, हे तिला फार लागलं. तिने मामींपाशी तोंड उघडलं. मामी म्हणाल्या, "ते बोलत नाहीत ना, तेव्हा बघत असतात. बघून झाल्याशिवाय तोंड उघडायचे नाहीत. मी इतकी वर्षं हेच भोगतेय."

खरंच, एका दुपारी मामांनी तिला चर्चच्या अंगणात नेलं. निखळलेला दगड अजून तसाच बाजूला पडला होता. मामा खाली बसले आणि चाकांच्या खुणांवरून बोट फिरवत तिला दाखवू लागले. गाडी फाटकापासून इथपर्यंत दोरी लावल्यासारखी सरळ आली होती.

"हे तुझं," मामा म्हणाले. "हे कुणी शिकवलेलं नाही, हे हातात असावं लागतं. आता हे बघ. इथं मी बास म्हटलं. इथून पुढं तू आवाजावर आलीस. आवाज कुणाचाही असतो पोरी. तोंड बघायचं."

"म्हणजे चूक माझीच."

"अर्धी. मी नाही म्हणणार नाही."

तिला रडू आलं, पण ते वेगळं रडू होतं. आजवर तिला एक तर तुझं सगळंच चुकलं म्हणणारे भेटले होते, नाही तर तुझं काहीच चुकलं नाही म्हणणारे. कुणी खाली बसून चूक मोजून दाखवली नव्हती. तरीही किल्ली घ्यायला ती तयार झाली नाही. तिने मामांना सांगितलं की येत्या रविवारच्या सभेत ती किल्ली मंडळीला परत करणार आहे. मामा "बरं" म्हणाले.

सभा उपासनेनंतर तिथेच बसली. नियमकाकांनी चष्मा पुसून विषय मांडला. गाडी दुसऱ्या कुठल्या संस्थेला देऊन टाकावी, आणि वृद्धांना आळीपाळीने घरी जाऊन भेटावं. ते मनाने वाईट नव्हते. आईचं टेंगूळ उतरलं होतं, त्यांच्या मनातलं उतरलं नव्हतं, इतकंच. त्या दिवशी मोठ्या आजीला त्यांनी स्वतः खुर्चीसकट रिक्षातून आणलं होतं आणि ती पहिल्या बाकापाशी एकटीच बसली होती. सूनबाई उठली, पुढे गेली, किल्ली टेबलावर ठेवली आणि परत मागे आली. बसायला जागा शोधताना ती शेवटच्या बाकाशी पोचली, तर तो रिकामा होता. मामा उभे राहिले होते.

"मला बोलायचंय," मामा म्हणाले.

नियमकाका म्हणाले की सभेत बोलायचं तर पुढे येऊन बोलावं, तसा नियम आहे. आता ही गोष्ट मंडळीत फार थोड्यांना माहीत होती, पण सूनबाईला माहीत होती. शेवटच्या बाकावरून दुनियेला पुढे घालणारा हा माणूस आजवर एकदाही पुढे उभा राहिला नव्हता. प्रार्थनेला नाव पुकारलं की ते डोळे मिटून पुटपुटायचे, आणि लोक ते नम्रतेत मोजायचे. नम्रता कसली, भीती होती ती. मामींनी एकदा हसत सांगितलं होतं की लग्नात हो म्हणतानासुद्धा यांचा आवाज फुटला नव्हता, पाळकांना दोनदा विचारावं लागलं.

मामा पुढे गेले. बाकांमधल्या वाटेने त्यांचे जाड बूट वाजत गेले. टेबलापाशी वळून ते लोकांकडे तोंड करून उभे राहिले आणि तोंड उघडून तसेच राहिले. सगळ्या माना वर. मामांचे हात, जे बसला नाचवायचे, ते सदऱ्याच्या टोकाशी चाळा करायला लागले. कुणीतरी खाकरलं. नियमकाकांनी घड्याळाकडे बघितलं. मामांची नजर हळूहळू दाराकडे गेली, आणि सूनबाईला कळलं की आता हा माणूस खाली मान घालून बाहेर जाणार, आणि पुन्हा या बाकावर बसणार नाही.

ती त्या बाकावर बसली होती. हात आपोआप समोरच्या बाकाच्या पाठीवर गेला. तिने दोन थापा मारल्या.

"येऊ दे, मामा."

मामांनी तिच्याकडे बघितलं. बाकी कुणाकडे नाही, फक्त तिच्याकडे, आणि बोलायला लागले.

"मी पहिल्यांदा इथं आलो तेव्हा आत नव्हतो आलो. फाटकाशी उभा राहायचो. तेव्हा पीत होतो मी. अंगाला डिझेलचा वास यायचा आणि दुसराही. घंटा वाजवणारे म्हातारबाबा होते, ते बाहेर आले. मला वाटलं, हाकलतायत. ते माझ्या मागं जाऊन उभे राहिले. पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, चल, मी आहे मागं. मी आत आलो. पुढं एकदा पुन्हा पिऊन आलो, तेव्हा त्यांनीच दारात अडवलं. आज बास, म्हणाले. घरी जाऊन झोप, पुढच्या रविवारी मी फाटकाशी उभा असेन. आणि ते होते उभे."

ते थांबले. सूनबाईने श्वास धरला. मामांनी आरशात बघावं तसं पुन्हा तिच्याकडे बघून घेतलं.

"माझ्या प्रभूनं मला तसंच आणलं इथवर. पुढं ये म्हटलं, आणि भिंत आली तिथं बासही म्हटलं. मला दुसरं काही येत नाही, मागं उभं राहणं तेवढं येतं. पण मागं उभं राहायचं तर भिंत बघावी लागते. त्या दिवशी भिंत मला एकट्याला दिसत होती. तुम्ही मायेनं ओरडलात, पण न बघता ओरडलात. पोरीनं आरसा सोडला, ती तिची चूक. तुम्हाला आधी गप्प राहायला सांगितलं नाही, ती माझी. तिघांची चूक असताना किल्ली एकटीची काढून घेऊ नका."

सदरा सोडून ते सरळ आपल्या बाकाकडे निघाले. नियमकाका घसा साफ करून म्हणाले की गाडीच्या आतून त्या दिवशी नक्की कोण ओरडत होतं हे सभेला कळायला हवं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

"मी," मोठी आजी म्हणाली. "आणि थापाही मीच मारल्या. टेंगूळ माझं आहे, तू कशाला कुरवाळत बसलास?"

लोक हसले, नियमकाकाही हसले, आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. मग ते स्वतः टेबलावरची किल्ली घेऊन शेवटच्या बाकापर्यंत चालत आले. त्या दिवशी अंगणात बोललो ते मला शोभणारं नव्हतं, असं त्यांनी सूनबाईला सगळ्यांसमोर सांगितलं. अर्थात एक नियम केल्याशिवाय ते गप्प बसणारे नव्हतेच. गाडी मागे येत असताना फक्त एक माणूस बोलेल, बाकीच्यांनी मनातल्या मनात प्रार्थना करावी. गाडीत तशी पाटीसुद्धा लागली.

गवंड्याने खांब नीट केला, पुढचा रविवार उजाडला. सूनबाईने सगळ्यांना घरून घेतलं. रस्ताभर मोठी आजी बोलत होती, पण चर्चचं फाटक दिसताच तिने पदराचा बोळा करून तोंडावर धरला. बाकीच्यांनीही तोंडावर हात ठेवले. सूनबाईने गाडी फाटकासमोर आणली, रिव्हर्स टाकला, श्वास घेतला आणि बाहेरच्या आरशात बघितलं. मामा तिथे नव्हते.

तिने जागच्या जागी ब्रेक दाबला. मग आतल्या आरशात बघितलं. पिकल्या डोक्यांच्या दोन रांगा, त्यांच्या मागे काच, आणि काचेपलीकडे घंटेच्या खांबाला पाठ लावून उभे असलेले मामा. गाडी आणि दगड यांच्या बरोबर मध्ये.

खिडकीतून डोकं काढून ती म्हणाली, "मामा, बाजूला व्हा."

"इथून छान दिसतं," मामा म्हणाले. "तोंड बघ माझं. येऊ दे."

दारातल्या सुताराने बोलायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. नियमकाका पायरीवर थिजले होते. मामी डोळे मिटून ओठ हलवत होत्या. सूनबाईने आरशातल्या त्या चेहऱ्यावरून नजर हलवली नाही. तो चेहरा तिच्याकडे तसाच बघत होता, जसा मैदानात पिंप आडवं झाल्यावरही बघायचा. ब्रेकवरचा पाय तिने हळूहळू उचलला. येऊ दे. चेहरा मोठा होत गेला. येऊ दे. आता तिला त्यांच्या भुवईतला पांढरा केसही दिसत होता. येऊ दे. गाडीत कुणी श्वास घेत नव्हतं.

"बास." आणि मागच्या काचेवर एक थाप.

गाडी थांबली होती. दार उतारासमोर होतं.

सूनबाई उतरून मागे धावली. गाडी आणि मामांचं पोट यांच्या मध्ये तिचा हात जेमतेम मावला असता. तिला त्यांना मिठी मारावी की झापावं हे कळेना, म्हणून तिने झापलं. दुसरा नियम कुणाचा होता, मध्ये उभा राहील तो मूर्ख असं कोण म्हणायचं, तुम्हाला काही झालं असतं तर मी काय केलं असतं. मामा खाली मान घालून ऐकत राहिले. मग म्हणाले, "शेवटी ब्रेक मऊ दाबलास. ते चांगलं होतं."

"मामा, का उभे राहिलात तिथं?"

"तू थांबतेस हे मला माहीत होतं," मामा म्हणाले. "तुला नव्हतं माहीत."

भर अंगणात, सगळ्या मंडळीदेखत, आपण या माणसाची सून आहोत, या एका गोष्टीने तिचा ऊर भरून आला होता. मामा खांबाशेजारून बाहेर सरकले, सदऱ्यावर लागलेला चुना त्यांनी झटकला आणि खुर्ची उतरवायला दाराकडे गेले.

आत मोठी आजी अजून तोंडावर पदर धरून बसली होती. तिने तो जरासा खाली केला आणि विचारलं, "आता बोलू का?"

"बोला, आजी," सूनबाई म्हणाली.